रुळाखालची खडी: आमच्या डिप्लोमा प्रकल्पाच्या नोंदी

७ जानेवारी २०२५

विषय पक्का झाला: रेल्वेची खडी. बाकीच्या गटांनी प्लॅस्टिकच्या विटा, राखेचं काँक्रीट, पाणी जिरवण्याचे खड्डे असे दरवर्षीचे विषय उचलले. आम्ही भुसावळचे, गाड्यांच्या आवाजात लहानाचे मोठे झालेलो, तरी रुळाखाली दगड का असतात ते धड सांगता येईना. म्हणून हाच घेतला.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी आधी तोंडी परीक्षा घेतली. गादीसारखं काम करते, पाण्याचा निचरा होतो, गवत उगवत नाही. आमची तीन उत्तरं दोन मिनिटांत संपली. मग त्यांनी विचारलं, "मे महिन्यात रूळ तापतो, तापला की वाढतो. पूर्वी १३ मीटरचे रूळ असायचे आणि जोडाजोडाला फट ठेवायचे. आता किलोमीटरच्या किलोमीटर रूळ एकसंध वेल्ड केलेला असतो. मग वाढलेला रूळ जातो कुठे?"

सगळे गप्प. वहीच्या पहिल्या पानावर हाच प्रश्न लिहून ठेवलाय.

१३ जानेवारी

मॅडमची अट: रुळांवर पाय ठेवायचा नाही. परवानगीशिवाय रुळांत उतरणं कायद्याने गुन्हा आहे, आणि "प्रोजेक्ट आहे साहेब" हे काही कारण होत नाही. जे बघायचं ते फलाटावरून आणि पादचारी पुलावरून, जे करून बघायचं ते कॉलेजमागच्या शेडमध्ये, पेटीत. लॅबमध्ये चाळण्या आहेत, इम्पॅक्टचं (ठोके मारून दगड किती फुटतो ते बघायचं) यंत्र आहे, लॉस एंजेलिसचा (लोखंडी गोळ्यांसोबत फिरवून दगड किती झिजतो ते बघायचा) ड्रम आहे. ट्रान्सपोर्टेशनच्या खोलीत ६० किलोच्या रुळाचा (मीटरला ६० किलो वजन, म्हणून ते नाव) फूटभर तुकडा नमुना म्हणून ठेवलाय, तोही कामी येईल.

आज पुलावर उभं राहून नुसतं पाहिलं. स्लीपर, म्हणजे रूळ ज्यावर बांधतात तो आडवा ठोकळा, खडीवर ठेवलेला नसतो, खडीत रुतवलेला असतो. दोन स्लीपरांमधली जागा वरपर्यंत भरलेली, आणि टोकांच्या बाहेरही खडी चांगली हातभर पसरलेली. गादीच हवी असती तर टोकाबाहेर एवढा दगड टाकायचं कारण काय? चार रुपयांचा हिशेब ठेवणारं खातं उगाच दगड ओतणार नाही.

१८ जानेवारी

आज भाराचा हिशेब मांडला. कागदावरच केला, पण आकडे बघून मजा वाटली.

मालगाडीच्या एका आसाचा भार २५ टन धरला, म्हणजे एका चाकाखाली साडेबारा टन. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम एक-सव्वा चौरस सेंमी. म्हणजे तिथे दाब चौ.सेंमी.ला १०,००० किलोच्या घरात. हे फक्त पोलादच सोसू शकतं.

रूळ हा भार शेजारच्या स्लीपरांवर वाटतो. चाकाच्या थेट खालच्या स्लीपरला साधारण निम्मा मिळतो, धरू सव्वासहा टन. स्लीपरची रुंदी २५ सेंमी आणि रुळाखालचा परिणामकारक भाग मीटरभर लांब, म्हणजे २,५०० चौ.सेंमी. दाब उतरला अडीच किलोवर. पुढचं काम खडीचं. एक दगड खालच्या दोन-तीन दगडांवर टेकतो, ते त्यांच्या खालच्यांवर, असा भार पसरत जातो. ३० सेंमी जाडीच्या थरात दोनास एक उतार (दोन सेंमी खाली गेलं की प्रत्येक बाजूला एक सेंमी पसरणं) धरला तर खाली पोचेपर्यंत तोच भार ५५ × १३० सेंमी जागेवर येतो. भागाकार केला: चौ.सेंमी.ला ०.८७ किलो.

दहा हजारांवरून एकच्या आत, आणि तेही मीटरभरापेक्षा कमी उंचीत. ओली काळी माती मात्र ०.८७ लाही कुरकुरते, म्हणून खडी आणि माती यांच्या मध्ये मुरमाचा किंवा निवडक दाणेदार मातीचा थर देतात, त्याला ब्लँकेट म्हणतात.

जाडीसाठी पुस्तकातलं जुनं सूत्रही लावून पाहिलं. स्लीपरांमधलं अंतर ६० सेंमी, रुंदी २५ सेंमी, भार ४५ अंशांत पसरतो असं धरलं तर शेजारच्या दोन स्लीपरांचे भार एकमेकांना भिडायला साडेसतरा सेंमी खोली पुरते. तरी मुख्य मार्गावर ३० सेंमी ठेवतात. कारण सूत्रातली खडी कायम स्वच्छ असते. खरी खडी झिजते, तिचा चुरा तळाशी बसतो, खालून माती चढते, आणि टॅम्पिंग मशिनच्या (स्लीपरखाली खडी कोंबून घट्ट करणाऱ्या यंत्राच्या) दांड्यांना आत शिरायलाही जागा लागते.

२५ जानेवारी

क्रशरवर गेलो होतो. शहराबाहेर खाण आहे, तिथेच. मालक म्हणाला, "अर्ध्या ब्राससाठी कोण मशीन थांबवतं?" पण कॉलेजचं पत्र पाहून चहा पाजला आणि ढिगातून हवी तशी निवडून घ्या म्हणाला.

दगड आपला नेहमीचा काळा बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, ज्यावर अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र बसलाय. पण सगळा बसाल्ट सारखा नसतो. लाव्हाच्या थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं राहतात, नंतर त्यांत पांढरी खनिजं भरतात. तो दगड लवकर फुटतो, पाणीही जास्त पितो. थराच्या पोटातला घट्ट, एकजीव दगड घ्यायचा. खाणीतला माणूस घणाच्या आवाजावरून दगड ओळखत होता: खणखणीत वाजला तर इकडे, बद्द वाजला तर भरावात.

रेल्वेची खडी ६५ मिमीपासून २० मिमीपर्यंतची, मिसळलेली. नियम असा: ६५ च्या चाळणीवर ५ टक्क्यांपेक्षा जास्त राहायची नाही, ४० च्या चाळणीवर ४० ते ६० टक्के राहायला हवी, आणि मशिनने फोडलेली असेल तर २० च्या चाळणीवर निदान ९८ टक्के. थोडक्यात, बारीक माल जवळपास शून्य. घराच्या स्लॅबसाठी आपण याच्या बरोबर उलटं करतो, पोकळी राहू नये म्हणून बारीक वाळू घालतो. इथे पोकळी मुद्दाम ठेवायची आहे.

येताना टेम्पोत तापीकाठचे दोन पोती गोटे घातले, तुलनेसाठी. टेम्पोवाल्याने भाडं दगडाचं लावायचं की गोट्यांचं यावर हुज्जत घातली.

३ फेब्रुवारी

लॅबच्या चाचण्या.

इम्पॅक्ट: १०–१२.५ मिमीचा माल, १४ किलोचा हातोडा, ३८० मिमीवरून १५ ठोके, मग २.३६ च्या चाळणीतून किती गळतं ते पाहायचं. आमचा दगड ११ टक्के. मर्यादा २० आहे.

लॉस एंजेलिस: १० किलो खडी, १२ लोखंडी गोळे, १,००० फेरे. ड्रमचा आवाज असा की शेजारच्या सर्व्हेच्या वर्गातले सर येऊन उभे राहिले. उत्तर १५ टक्के, मर्यादा ३०. पाणी शोषण १ टक्क्याच्या आत. दगड पास.

ड्रममधून काढलेल्या खडीकडे नीट पाहिलं. आत जाताना कडा हाताला टोचत होत्या, बाहेर आल्यावर सगळे दगड गुळगुळीत, कोपरे गेलेले, आणि खाली राखाडी चुरा. वर्षानुवर्षं गाड्यांखाली हेच घडतं. दगडाचा चुरा होतो तो मधून फुटून कमी आणि कोपरे झडून जास्त. चार-पाच खडे काचेच्या बाटलीत घालून ठेवलेत, टेबलावर मांडायला.

९ फेब्रुवारी

पेटी तयार. १९ मिमी प्लाय, १२० × ९० सेंमी, उंची ४५. एक बाजू ॲक्रिलिकची, आतलं दिसावं म्हणून. स्लीपर म्हणून काँक्रीटचा ठोकळा ओतला: ६० × २० × १५ सेंमी, वजन ४३ किलो. खऱ्या स्लीपरची लांबी २.७५ मीटर आणि वजन पावणेतीनशे किलोच्या वर, म्हणजे आमचा ठोकळा पोरगेलासाच. त्या मानाने खडीही लहान हवी, म्हणून पेटीत ६५ मिमी ऐवजी २० आणि १२ एमएमचं मिश्रण वापरणार. मोठी खडी घातली असती तर ठोकळ्याच्या बाजूला तीनच दगड मावले असते आणि नशिबावर उत्तर आलं असतं.

ओढायचं कसं यावर वाद झाला. रूळ बाजूला सरकतो म्हणजे स्लीपर स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरकतो. त्याला अडवणाऱ्या जागा तीन: तळाखालचे दगड, दोन्ही लांब बाजूंना घासणारे मधले दगड, आणि टोकासमोरचे कडेचे दगड. हे चित्र काढल्यावर पुलावरून दिसलेल्या हातभर खडीचा अर्थ लागू लागला. ठोकळ्याच्या एका टोकाला हूक, चेन पुली आणि मध्ये ताणकाटा. सरकणं मोजायला डायल गेज.

१६ फेब्रुवारी

कॉलनीतल्या मुकादम काकांकडे गेलो. गँगमन (रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतले कामगार) म्हणून लागले, मुकादम म्हणून निवृत्त झाले. वही काढली तर म्हणाले, "लिहू नका, आधी ऐका."

त्यांच्या सुरुवातीच्या काळात पॅकिंग हाताने व्हायचं. एका स्लीपरला चार माणसं, प्रत्येक रुळाशी दोघं पाठीला पाठ लावून. बीटर नावाच्या अवजाराने तालात ठोकत खडी स्लीपरखाली सारायची. फक्त रुळाखालच्या भागात ठोकायचं. स्लीपरचा मधला भाग मोकळा ठेवायचा. मधोमध टेकला की स्लीपर डुलतो, आणि काँक्रीटचा असेल तर मध्ये तडा जातो. कुठे खाली पोकळी आहे ते कसं कळायचं? टोकाला लाकडी गोळा असलेला दांडा स्लीपरवर आपटायचा आणि आवाज ऐकायचा. "भरलेला असला तर दांडा बोलत नाही."

आता हेच काम टॅम्पिंग मशिन करतं. रूळ उचलून धरतं, लोखंडी दांड्या खडीत खुपसतं, सेकंदाला ३५ वेळा थरथरवतं आणि दोन्ही बाजूंनी दाबून खडी स्लीपरखाली घट्ट करतं. काकांना मशिनचं कौतुकही आहे आणि थोडा रागही. "मशीन गेलं की लाइन, लेव्हल सगळं झकास. पण मशिनमागे खडी भरायला माणूसच लागतो."

मग सहज म्हणून त्यांनी जे सांगितलं, ते आज मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. उन्हाळ्यात, ऊन चढल्यावर, लांब वेल्ड केलेल्या रुळाच्या खडीला हात लावायचा नाही. खडी उपसणं, स्लीपर मोकळा करणं, सगळं बंद. नियमात तापमानाची मर्यादा दिलेली असते. रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बांधला, त्याच्या १० अंश वर गेला की नेहमीची दुरुस्ती थांबते. २० अंश वर गेला की गस्त सुरू होते. माणूस भर दुपारी रुळांकडे बघत चालतो, कुठे वाकडं दिसतंय का म्हणून.

खडी नुसती खालून झेलण्यापुरती असती, तर ती उपसायला उन्हाची भीती कशाला? येताना आम्ही हेच बोलत होतो.

२ मार्च

रविवार असूनही शेड उघडून घेतली. पाण्याची चाचणी.

स्वच्छ खडीवर बादली ओतली: पाणी थेट तळाच्या भोकांतून बाहेर, वरचे दगड दोन मिनिटांत कोरडे. मग शेतातली काळी माती चाळून थोडी थोडी मिसळली. सुरुवातीला फरक नाही. पोकळ्या भरत आल्या तसं पाणी रेंगाळायला लागलं, आणि एका टप्प्यानंतर ॲक्रिलिकमागे नुसतं काळं गढूळ पाणी उभं. ठोकळ्यावर लाकडी ओंडक्याने ठोके दिले तर प्रत्येक ठोक्याला कडेने चिखलाची चिळकांडी. एक जोडीदार पुढे वाकून बघत होता, त्याचा पांढरा शर्ट कामाला आला.

गाडीखाली असंच होतं. चाक आलं की स्लीपर खाली दबतो, चाक गेलं की उचलला जातो, आणि साचलेलं पाणी तळची माती घेऊन वर उसळतं. एकदा सुरू झालं की वाढतच जातं, कारण वर आलेला चिखल आणखी पोकळ्या बुजवतो. म्हणूनच ठरावीक वर्षांनी सगळी खडी उपसून, चाळून, चुरा आणि माती टाकून परत भरतात. मुंबईकरांना ठाऊक असलेल्या मेगाब्लॉकमध्ये अशी कामंही होतात.

वाहत्या पाण्यापुढे मात्र या सुट्या दगडांचं काही चालत नाही. "रुळाखालची खडी वाहून गेली" ही घाटातली पावसाळी बातमी त्यामुळेच. साचलेलं पाणी खाली जाऊ देणं हा खडीचा गुण, लोंढ्याबरोबर निघून जाणं हा दोष, आणि दोन्ही सुटेपणामुळेच. अहवालात हे लिहायचं.

१२ मार्च

या आठवड्यात फक्त ओढायची चाचणी केली. प्रकल्पाचा गाभा हाच, म्हणून सविस्तर.

पद्धत: खडीचा थर टाकून मोगरीने सारखा ठोकायचा, ठोकळा ठेवायचा, पुली हळूहळू ओढायची. ठोकळा सरकायला लागण्याआधी काट्याने दाखवलेला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. दरवेळी दोन-तीन किलो इकडेतिकडे होतातच, म्हणून खाली सरासरी.

नुसता ठोकळा खडीवर ठेवून, बाजूंना काही नाही: ३१ किलो.
मधली खडी दोन्ही बाजूंनी ठोकळ्याच्या माथ्यापर्यंत भरून: ४६ किलो.
टोकासमोर कडेची खडीही भरून: ६१ किलो.
सगळं तसंच, पण खडीऐवजी तापीचे गोटे: ३८ किलो.

गोट्यांचं ॲक्रिलिकमधून बघण्यासारखं होतं. ठोकळा ढकलायला लागला की गोटे जागच्या जागी फिरतात, एकमेकांवरून घरंगळतात आणि वाट करून देतात. फोडलेल्या खडीत तसं होत नाही. एका दगडाचा कोपरा दुसऱ्याच्या खाचेत अडकलेला असतो. एक दगड सरकायचा तर आधी त्याला शेजाऱ्याच्या अंगावर चढावं लागतं, म्हणजे वरचा सगळा थर उचलावा लागतो. ठोकळा सुटायच्या अगदी आधी कडेची खडी वर फुगताना डोळ्यांनी दिसली. पट्टी लावून मोजण्याइतकी नाही, पण दिसली. लॉस एंजेलिसच्या ड्रममधून गुळगुळीत होऊन निघालेले दगड आठवले. कोपरे झडले की खडी गोट्यांच्या जातीत जाते.

मग टॅम्पिंगची नक्कल. ठोकळा बोटभर वर उचलला, खाली खडी कोंबली, बाजूची परत भरली. दिसायला पहिल्यापेक्षा नीटनेटका. ओढला तर ४७. म्हणजे पॅकिंग केल्या केल्या बाजूची पकड जवळपास चौथ्या हिश्श्याने गेली! वरून प्लेट व्हायब्रेटर फिरवल्यावर ५६ पर्यंत आली. दुरुस्तीनंतर गाड्यांचा वेग काही काळ कमी का ठेवतात, आणि टॅम्पिंगमागोमाग स्टॅबिलायझर मशिन थरथरत का जातं, ते यात आलं. विस्कटलेले दगड एकमेकांत परत बसायला वेळ किंवा थरथर लागते.

२ मार्चची चिखलाची खडी ओली असताना ओढली: ४० सुद्धा नाही.

मॅडमनी एक गोष्ट जोडली, ती आम्हाला कुणालाच सुचली नसती. चाकाखाली रूळ दबतो तेव्हा चाकांच्या पुढे आणि दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या दोन संचांच्या) मध्ये तो किंचित वर उचलला जातो. तेवढ्या भागात स्लीपरचा भार खडीवरून हलका होतो आणि तळाचं घर्षण घटतं. त्या क्षणी रुळाला बाजूने धरायला मधली आणि कडेचीच खडी उरते. आम्ही ठोकळा वरून चेनने थोडा हलका करून पाहिला. तळाचा वाटा लगेच घसरला, टोकाचा जवळपास तसाच राहिला.

२० मार्च

प्रस्तावनेसाठी वाचन. दोन जुन्या गोष्टी सापडल्या.

पहिली इंग्लंडची. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा लंडनकडचा पहिला टप्पा १८३८ मध्ये सुरू झाला. तिचा अभियंता ब्रुनेल याने रुळाखाली सलग लांब लाकडं घातली आणि ती जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांना बांधून टाकली, हलूच नयेत म्हणून. झालं उलटं. खांबांमधला भराव दबला, खांब मात्र हलेनात. रूळ खांबापाशी उंच आणि मध्ये खोल, प्रवाशांना दणके. शेवटी खांब कापून सोडवावे लागले. ब्रुनेलसारख्या माणसाचाही आधी घट्ट बांधण्यावरच विश्वास होता हे वाचून आम्हाला जरा बरं वाटलं.

दुसरी फ्रान्सची, मार्च १९५५. दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये विजेच्या दोन इंजिनांनी वेगाच्या चाचण्या दिल्या, ताशी ३३१ किमीपर्यंत. विक्रम झाला, पण इंजिनाच्या डोलण्याने रूळ खडीसकट बाजूला ढकलले गेले, नागमोडी झाले. त्या रुळांचा फोटो बघताना पोटात गोळा येतो. पुढे प्रूदोम या फ्रेंच अभियंत्याने आस रुळाला बाजूने किती जोर लावू शकतो याची मर्यादा बसवली. भारतीय रेल्वेत तिचं रूप असं: आसभाराचा तिसरा हिस्सा घ्यायचा, त्यात एक टन मिळवायचा आणि ०.८५ ने गुणायचं. २५ टनांच्या आसाला जेमतेम ८ टन. खाली २५ टन झेलणारी खडी बाजूला ८ टनांतच हार मानू शकते.

३ एप्रिल

पाडव्याच्या सुट्टीनंतर ऊन तापलंच. रुळाचा तुकडा सकाळीच शेडबाहेर खडीवर ठेवला. दुपारी अडीचला हवा सावलीत ४२, रूळ ६१. हात लागला तर चटकाच बसेल.

आता पहिल्या पानावरचा प्रश्न. पोलादाचा मीटरभर तुकडा एका अंशाला ०.०११५ मिमी वाढतो. मोकळा असता तर १ किमीचा रूळ २१ अंशांना २४ सेंमी वाढला असता. पण तो मोकळा नाही, क्लिपांनी स्लीपरला बांधलेला आणि स्लीपर खडीत गाडलेला. टोकाकडचा थोडा भाग सरकतो, तिथे सरकता जोड असतो. मधला सगळा रूळ वाढतच नाही. न वाढू दिलेली लांबी दाब बनून पोलादातच कोंडून राहते.

किती दाब? ६० किलोच्या रुळाचं छेदक्षेत्र सुमारे ७७ चौ.सेंमी. लवचिकतेच्या गुणांकाने गुणलं की अंशाला साधारण १.९ टन. समजा रूळ ४० अंशाला बांधलाय आणि ६१ ला गेला, तर एका रुळात ४० टन आणि दोन्ही मिळून ८० टन. लांबी कितीही असो, आकडा तोच. इतक्या जोराने दाबलेली सडपातळ पट्टी बाजूला फुटायला बघणारच. चाकाखाली गाडीचं वजन तिला दाबून धरतं, पण दोन बोगींच्या मध्ये किंवा दुपारी गाडी नसताना तिला धरून कोण बसतं? मधली खडी आणि ती टोकाबाहेरची हातभर खडी. लांब वेल्ड केलेल्या रुळाला सरळ मार्गावर कडेला ३५० मिमी आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला ५०० मिमी खडी लागते हा नियम वाचला होता. वळणावर जास्त का, तेही आता आपोआप कळलं. तिथे दाबलेला रूळ बाहेरच्या बाजूलाच निसटू पाहणार.

मुकादम काकांना फोन केला. "मग, उन्हात खडी का उपसत नाहीत, कळलं का?" एवढंच म्हणाले.

११ एप्रिल

परीक्षक हमखास विचारतील तो प्रश्न: मग सरळ काँक्रीट का नाही?

आहे की, बऱ्याच ठिकाणी. मुंबई-पुण्याच्या मेट्रोचे पूल, काश्मीरचा पीर पंजाल बोगदा, मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीचे जपानी पद्धतीचे स्लॅब. मोठ्या स्टेशनांत फलाटालगतही काँक्रीट दिसतं, ते पूर्वी डब्यांतून खाली पडणारी घाण पाण्याने धुता यावी म्हणून. काँक्रीटवर रूळ बाजूला सरकत नाही, टॅम्पिंगची कटकट नाही, आणि ताशी तीनशेच्या वेगाला दगड उडण्याची भीती नाही.

पण पूल आणि बोगदे खाली बसत नाहीत. मातीचा भराव बसतो. आपल्याकडची काळी माती तर पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. भराव दोन सेंमी बसला तर खडीवरचा रूळ एका रात्रीच्या ब्लॉकमध्ये उचलून, पॅक करून सकाळच्या गाडीसाठी तयार होतो. तिथे स्लॅब असता तर फोडावा किंवा खालून भरून उचलावा लागला असता आणि मार्ग किती दिवस बंद राहिला असता कोण जाणे. जपानने १९६४ ची तोकाइदो शिंकान्सेन खडीवरच बांधली, पुढच्या मार्गांवर स्लॅबकडे वळले, आणि तो पहिला मार्ग रोज रात्री देखभाल करून आजही चालवतात.

माझं मत अहवालात स्पष्ट लिहिलंय, गटात एकाला पटलेलं नाही तरी. खडी स्वस्त म्हणून टिकली हे अर्धंच खरं. एकमेकांत अडकून ती ८० टनांनी दाबलेला रूळ बाजूला निसटू देत नाही, आणि दांड्या घालून थरथरवली की रूळ हवा तिथे हलवू देते. एकाच वस्तूकडून ही दोन्ही कामं करून घ्यायची तर ती सुटी आणि टोकदारच हवी.

२२ एप्रिल

अहवाल बाइंडिंगला दिला. मॅडमनी शेवटी एक बदल सुचवला: ओढायच्या चाचणीतले किलो थेट खऱ्या रुळाला लावू नका, फक्त आपसातलं प्रमाण सांगा. लहान ठोकळा, लहान खडी, वर गाडी नाही, त्यामुळे बरोबरच आहे. तक्त्याखाली ती ओळ टाकली.

तोंडी परीक्षेला पेटीच न्यायची ठरली. खडीसकट सहा जणांनाही उचलत नाही, म्हणून खडी पोत्यांत भरून वर नेऊन तिथेच परत भरायची. परीक्षकांना आधी गोट्यांमधला ठोकळा ओढायला द्यायचा, मग खडीतला. गोटे पोतंभर जादा घेतलेत. पुलीला ग्रीस लावायचं राहिलंय, उद्या सकाळी आधी तेवढं करायचं.